‘स्ट्राइक’ या क्रियापदाविषयी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार चळवळीवर काही सांगावे. आम्ही उलट टपाली कळवले की, आम्ही एका इंग्रजी क्रियापदावर बोलणार आहोत. चालक जरा बुचकळ्यात पडले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्याची शाळा दहावीत सुटली, ज्याने इंग्रजी शिकले ते कारखान्याच्या नोटीसबोर्डापुढे उभे राहून आणि रात्री तर्खडकरी भाषांतरपाठमालेत डोके घालून, त्याने रत्नागिरीसारख्या जाणत्या गावात इंग्रजी क्रियापदावर व्याख्यान द्यावे, हे धाडसच आहे. पण या एका क्रियापदाने आमच्या घरी आणि आमच्या हातून एवढी उलथापालथ केली आहे की, त्याच्याविषयी बोलण्याचा आम्हाला थोडासा हक्क पोहोचतो असे आम्ही समजतो.

ते क्रियापद म्हणजे ‘स्ट्राइक’.

मध्यंतरी आमच्या भाच्याला, तो आठवीत शिकतो, आम्ही विचारले, “काय रे, स्ट्राइक म्हणजे काय?” तो म्हणाला, “ज्याला बॉल टाकतात तो स्ट्राइकवर.” आम्ही म्हटले, “आणखी?” तो म्हणाला, “सर्जिकल स्ट्राइक.” “आणखी?” तो डोके खाजवू लागला. ज्याचा आजा गिरणीकामगार आणि मामा युनियनवाला, त्या पोराला तिसऱ्या खेपेसही संप आठवला नाही. आम्हाला वाईट वाटले, पण आम्ही त्याला रागावलो नाही, कारण आमची स्वतःची या शब्दाशी पहिली गाठ पडली तेव्हा आम्हाला नेमका तेवढाच एक अर्थ ठाऊक होता, आणि त्यापायी एका माणसाची भाकरी गेली. ती हकीकत आधी सांगतो.

गोष्ट १९९४ च्या पावसाळ्यातली. आम्ही तेव्हा चोवीस वर्षांचे होतो, एका कारखान्यात काम करीत होतो, आणि तेथल्या लहानशा युनियनचा पत्रव्यवहार आमच्या गळ्यात पडला होता. इतरांना इंग्रजी मुळीच येत नसे आणि आम्हाला थोडे येते असा सर्वांचा समज होता. आमचाही होता. पॅकिंग खात्यातला एक गडी, संगमेश्वराकडचा, चार दिवसांची रजा टाकून लावणीला गावी गेला आणि तिथे तापाने आडवा पडला. वीसेक दिवसांनी परतला तो गेटवरच्या पहारेकऱ्याने त्याला आत सोडले नाही. दोन दिवसांनी टपालाने पत्र आले. तीन ओळींचे, इंग्रजीत. मधली ओळ अशी होती : ‘युवर नेम हॅज बीन स्ट्रक ऑफ द रोल्स.’

पत्र घेऊन तो आमच्या खोलीवर आला. पाऊस कोसळत होता आणि त्याने ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत धरले होते. आम्ही शाळकरी पोरांचा कोश उघडला. ‘स्ट्रक’ पाहा ‘स्ट्राइक’. ‘स्ट्राइक’ : मारणे, ठोकणे, आदळणे, संप करणे. ‘संप करणे’ हे शब्द दिसताच आमचे डोके तापले. पुढचा अर्थ आम्ही मनानेच जुळवला. ‘नेम’ म्हणजे नाव, ‘रोल’ म्हणजे यादी. तेव्हा कंपनीने याचे नाव संप करणाऱ्यांच्या यादीत घातले आहे! राहिला तो ‘ऑफ’. इंग्रजीत एका ‘एफ’चा ‘ऑफ’ असतो, तो आपला ‘चा-ची-चे’. आणि दोन ‘एफ’चा ‘ऑफ’ असतो, तो म्हणजे वरून खाली, आतून बाहेर, दूर. आम्ही ‘एफ’ मोजले नाहीत. बोलताना तरी दोन्ही कानाला सारखेच लागतात, आणि आम्ही कानाने वाचणारे.

त्या रात्री आम्ही जे उत्तर लिहिले त्याचा आम्हाला भारी अभिमान वाटला होता. आमच्या कारखान्यात संप झालेलाच नाही, सदर कामगार आजारी होता, त्याच्यावर संपाचा खोटा आरोप करून युनियन बदनाम करण्याचा हा डाव आहे, आरोप बिनशर्त मागे घ्यावा, वगैरे वगैरे. दीड पान. त्या दीड पानात एक वाक्य मात्र नव्हते. त्याला कामावर परत घ्या, हे वाक्य. आमच्या समजुतीप्रमाणे तो कामावर होताच.

कंपनी गप्प बसली. तिने का बोलावे? दर सोमवारी तो गडी यायचा आणि विचारायचा, “काय जबाब आला काय?” आम्ही सांगायचो, थांब, आपण त्यांना चांगले कोंडीत पकडले आहे. असे चार महिने गेले. मग एके दिवशी नगर वाचनालयात कोर्टातले एक निवृत्त कारकून भेटले. हे वाचनालय १८२८ सालचे. आमच्यासारख्यांचे कॉलेज तेच. त्यांना आम्ही ते पत्र मोठ्या फुशारकीने दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पत्र डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, “अहो, यात संप कुठे आहे? याचं नाव कमी केलंय.”

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण सांगायला गोड नाही. आम्ही कामगार आयुक्तांच्या कार्यालयात धावलो. तिथे कंपनीच्या वकिलाने शांतपणे सांगितले की, या माणसाने काम स्वतःहून सोडले. चार महिन्यांत त्याने कामावर येऊ द्या असे एकदाही म्हटलेले नाही. पाहा, हे युनियनचे पत्र. आमच्याच हस्ताक्षरातले ते दीड पान टेबलावर आमच्यापुढे ठेवले गेले. प्रकरण काही वर्षांनी तडजोडीत मिटले. थोडी रक्कम मिळाली, नोकरी मिळाली नाही. तोवर तो मुंबईत एका इमारतीवर रात्रपाळीचा पहारेकरी झाला होता. त्याने आम्हाला कधी दोष दिला नाही, ही गोष्ट आम्हाला अधिक जड गेली.

त्यानंतर आम्ही या क्रियापदाच्या मागे लागलो. वाचनालयात जे कोश होते ते एकेक करून पालथे घातले आणि वह्या भरल्या. त्यातले काही आपल्यापुढे मांडतो.

पहिली नवलाची गोष्ट ही की, जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ मारणे असा नव्हताच. हळुवार हात फिरवणे, घासत पुढे सरकणे, पुसत जाणे असा होता. ‘स्ट्रोक’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. मांजराच्या पाठीवरून हात फिरवायचा तर इंग्रज आजही तोच शब्द वापरतो. जर्मन भाषेतले ‘श्ट्रायखेन’ हे त्याचे सख्खे भावंड, आणि त्याने हात फिरवण्याचा, रंग फासण्याचा व लिहिलेले खोडण्याचा अर्थ आजवर सांभाळून ठेवला आहे. आपल्याकडे भाताची पायली भरली की वरून हात फिरवून ती सपाट करतात आणि जास्तीचे दाणे खाली लोटतात. त्या हात फिरवण्यालाही इंग्रजीत ‘स्ट्राइक’च म्हणत. हात फिरवता फिरवता तो जोरात लागू लागला आणि शतकांच्या ओघात त्याचा तडाखा झाला. शब्दांचेही माणसांसारखेच आहे. सगळे काही जन्मतः तापट नसतात.

या जुन्या अर्थाच्या खुणा आजच्या इंग्रजीतही सापडतात. आगकाडी पेटवणे याला इंग्रज ‘स्ट्राइक’ म्हणतो. कोणी म्हणेल, यात काडी मारणे आहे. पण आपण मराठीत काय म्हणतो? काडी ओढतो. मराठी माणसाने इंग्रजी धातूचा मूळ अर्थ न शिकताच बरोबर पकडला. एखादा विचार डोक्यात आला तर इंग्रज म्हणतो, विचाराने मला ‘स्ट्राइक’ केले. आपण म्हणतो, विचार मनाला चाटून गेला. चाटून जाण्यात फटका नाही, स्पर्श आहे.

पुढे आम्ही असा खेळ मांडला की, या एका इंग्रजी क्रियापदाला मराठीत एकच क्रियापद शोधायचे. ‘मारणे’ घेऊन पाहिले. चालेना. आपले ‘मारणे’ फारच हरहुन्नरी आहे. आपण गप्पा मारतो, हाका मारतो, बुडी मारतो, टोमणा मारतो, शिक्का मारतो, आणि कामावर न जाता दांडीही मारतो. पण यातले एखाददुसरे सोडले तर इंग्रजाच्या ‘स्ट्राइक’शी जुळत नाही. मग ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ घेतले, आणि कुलपात किल्ली फिरावी तसे झाले. वीज पडते. घड्याळाचे टोल पडतात. टाकसाळीत नाणी पाडतात. लष्कराचा तळ हलताना तंबू पाडतात. चारही ठिकाणी इंग्रज ‘स्ट्राइक’ म्हणतो. आणि कामाचे आपण काय करतो? बंद पाडतो. हे जमले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला घरात कोणी जागे नव्हते.

विहीर खणताना पाणी लागते, रोपटे मूळ धरते, व्यापाऱ्यांचा सौदा पटतो. हे सगळे ‘स्ट्राइक’. सौदा पटणे यासाठी बहुधा बाजारात हातावर हात मारण्याची चाल होती म्हणून हा शब्द आला. आम्हा युनियनवाल्यांना यातली गंमत अधिक कळते. बोलणी फिसकटली की आम्ही ‘स्ट्राइक’ करतो आणि बोलणी जमली तरी ‘स्ट्राइक’च करतो. निदान इंग्रजाच्या भाषेत. याच गावात स्थानबद्धतेत असताना सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुकारा केला होता. आमच्या युनियनच्या कचेरीत ते आले असते आणि मस्टर, गेट, नोटीस, चार्जशीट हे शब्द त्यांच्या कानी पडले असते तर काय झाले असते कोण जाणे! पण या एका शब्दाच्या बाबतीत आम्हाला शुद्धीची गरज पडली नाही. मराठी कामगाराजवळ ‘संप’ होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. काम बंद ठेवण्याला इंग्रजीत हा शब्द लागला कोठून? बहुतेकांना वाटते, मारामारीवरून. तसे नाही. तो आला समुद्रावरून, शिडाच्या जहाजांवरून, आणि म्हणून रत्नागिरीकरांना तो समजावून देण्यात आम्हाला फार वेळ घालवावा लागणार नाही. मिरकरवाड्यात आता सगळ्या यांत्रिक होड्या. पण शिडाच्या गलबतांतून मुंबई केल्याच्या गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांनी आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील. शीड उतरवले की गलबत जागच्या जागी. जहाजाचे शीड किंवा निशाण खाली उतरवणे याला इंग्रज खलाशी ‘स्ट्राइक’ म्हणत. तोच तो जुना, खाली लोटण्याचा अर्थ. १७६८ साली लंडनला थेम्स नदीत उभ्या असलेल्या व्यापारी जहाजांवरील खलाशांनी वेतनवाढीसाठी काम थांबवले आणि थांबवले म्हणजे काय केले, तर जहाजांची शिडे उतरवून ठेवली. जहाजे निघेनात. तेव्हापासून काम थांबवणे म्हणजे ‘स्ट्राइक’ असा अर्थ रूढ झाला. त्या वर्षी थेम्सकाठी दंगेधोपेही झाले, कोळसा उतरवणाऱ्यांच्या टोळ्यांत रक्त सांडले, हे आम्ही लपवीत नाही. पण शब्द दंग्यावरून पडला नाही. तो पडला शिडावरून, आणि खलाशाच्या हातातली दोरी ही त्याच्या कामाचीच दोरी होती.

इथे व्याकरणाचा एक मुद्दा आहे आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. ‘त्याने कुत्र्याला मारले’ यात कर्म आहे, कुत्रा. इंग्रजीत ‘ही स्ट्रक द डॉग’. पण कामगार संप करतात तेव्हा इंग्रज नुसते ‘दे स्ट्रक’ म्हणतो. कोणाला? कोणालाच नाही. क्रियापद अकर्मक झाले. मूळचे कर्म, ते शीड, वापरात झिजून गळून गेले. ज्याला कर्म नाही अशा क्रियेत मार खाणारा कोणी नसतो. उलट ‘नाव कमी केले’ यात कर्म आहे, आणि ते कर्म म्हणजे माणूस. त्या संगमेश्वरच्या गड्याच्या पत्रात कामगाराची क्रिया एकही नव्हती. क्रिया कंपनीची होती, कर्म तो होता, आणि कर्तरी-कर्मणीचा घोळ करून आम्ही त्याला कर्ता समजून बसलो.

शब्दाचा समुद्राशी असलेला हा संबंध आपल्या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावरील हिंदी खलाशांनी वाईट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ यांना कंटाळून अन्न नाकारले आणि काम थांबवले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी समिती नेमली, तिचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग. दोनतीन दिवसांत हा वणवा अठ्ठ्याहत्तर जहाजांवर आणि सुमारे वीस हजार खलाशांत पसरला. या आरमारात महायुद्धापूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील खलाशांची भरती मोठी असे, हे आपणास सांगायला नको. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत त्या नोकरीच्या आठवणी आहेत. जहाजांवरचे ब्रिटिश निशाण उतरवले गेले आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व लाल बावटा अशी तीन निशाणे चढली.

आता शब्दांकडे लक्ष द्या. खलाशांनी आपल्या समितीचे नाव ठेवले ‘सेंट्रल स्ट्राइक कमिटी’. ते म्हणत होते, आमचा हा संप आहे. सरकार म्हणत होते, हे बंड आहे. बंडाला फौजी कायद्यात शिक्षा काय ती सर्वांना ठाऊक. दोनशेहून अधिक माणसे त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात मेली, त्यांत खलाशांना पाठिंबा म्हणून २२ तारखेला काम बंद ठेवणारे गिरणीकामगारही होते. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ तारखेस खलाशांनी शस्त्रे ठेवली, आणि आपण ब्रिटिशांपुढे नव्हे तर देशापुढे नमतो आहोत अशा अर्थाचा निरोप दिला. निशाण उतरवणे हाही इंग्रजीत ‘स्ट्राइक’, आणि तिथे त्याचा अर्थ शरण जाणे असा होतो. सात दिवसांच्या आत त्या खलाशांनी एकाच क्रियापदाचे सगळे अर्थ भोगले. इतिहासाच्या पुस्तकांत आजही पुष्कळदा ‘नाविकांचे बंड’ असेच छापतात, आणि त्यात गौरवाची भावना असते हे आम्ही जाणतो. पण ज्यांनी ते केले त्यांचा शब्द कोणता होता, हे ध्यानात असू द्यावे.

इतर देशांनी या गोष्टीला काय नावे दिली तेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच कामगार संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. त्याचा अर्थ वाळूचा किनारा, पुळण. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी त्या नावाचा चौक होता, तिथे काम नसलेली माणसे कामाच्या शोधात जमत. स्पॅनिश लोकांचा शब्द विसाव्यावरून आला. बंगालीत ‘धर्मघट’ म्हणतात. आणि आपला ‘संप’? गुजरातीत आजही ‘संप’ म्हणजे एकोपा, आपसांतला मेळ. इंग्रजाने उतरलेले शीड पाहिले, फ्रेंचाने नदीकाठ पाहिला, आणि आपल्याकडे लोकांनी पाहिले ते माणसे एक झालेली. शिडाचे काय झाले ते नंतर.

‘हरताळ’ हा शब्दही आपण संपाच्या शेजारी ठेवतो, आणि त्यात एक गोंधळ आहे तो दूर करतो. बाजार बंद ठेवण्याचा हरताळ हा ‘हाट’ आणि ‘ताळा’ यांपासून झाला, दुकानाला टाळे. लोकमान्यांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस काम बंद ठेवले, त्यालाही लोक हरताळच म्हणत. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसासाठी गिरणगाव सहा दिवस थांबले, आणि त्या गिरणगावात कोकणातल्या खेड्यांतून पोटासाठी गेलेली माणसे किती होती याचा विचार केला म्हणजे ऊर भरून येतो. परंतु ‘एखाद्या गोष्टीला हरताळ फासणे’ यातला हरताळ निराळा. तो पिवळ्या रंगाचा खनिज पदार्थ. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखक त्यावर हरताळाचा लेप देत आणि वर पुन्हा लिहीत. म्हणजे हा हरताळ खोडण्याचा. आमच्या पत्रातल्या त्या ‘स्ट्रक ऑफ’चे खरे मराठी हेच : नावाला हरताळ फासला. उच्चार एक, काम दोन. एकाने दुकान बंद होते, दुसऱ्याने नाव. इंग्रजीला नावे ठेवायला नकोत, आपल्या घरातही तोच घोटाळा आहे.

कायद्याकडे वळतो, थोडक्यातच, कारण कायद्यावर बोलू लागलो की आमचे भान सुटते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘स्ट्राइक’ची व्याख्या केली. तीत मारणे, पाडणे, हाणणे यांपैकी काही नाही. एकत्र येऊन काम थांबवणे, किंवा ठरवून काम नाकारणे, एवढेच आहे. जिने ही व्याख्या लिहिली त्या इंग्रजी भाषेतही ‘एकत्र येऊन’ हे शब्द टाळता आले नाहीत. आपल्या ‘संपा’पाशीच ती येऊन थांबली. पुढे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता झाली आणि केंद्र सरकारने ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. तिच्यात या व्याख्येला एक शेपूट जोडले आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तोही संप. म्हणजे सामूहिक दांडी हा आता संप झाला, आणि संपासाठी आगाऊ नोटीस द्यावी लागते. दांडीची नोटीस देणे ही कल्पना आमच्या पिढीला जरा चमत्कारिक वाटते. पण हसून भागत नाही. एका शब्दाची कड जरा बाहेर ओढली की, काल घरी बसलेला माणूस आज कायद्याच्या आत सापडतो.

आता घरची गोष्ट. आमचे वडील मुंबईला एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. उन्हाळ्यापर्यंत वडील गावी आले, वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. ‘चार दिवसांत मिटेल’ असे ते सांगत. पहिल्या पावसात त्यांनी नांगर धरला, हाताला सवय नव्हती, तळवे सोलून निघाले. पुढच्या वर्षी गिरणीच्या मस्टरवरून त्यांचे नाव गेले. त्यांनी ‘स्ट्राइक’ केला तो अकर्मक होता. त्यांच्या नावाचे झाले ते सकर्मक.

आणि दैवाचा खेळ पाहा. त्याच १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने रॉबर्ट डिसोझा नावाच्या रेल्वे कामगाराच्या खटल्यात असे ठरवले की, गैरहजेरीच्या कारणावरून कामगाराचे नाव पटावरून खोडणे ही कामगारकपातच होय, आणि कपातीसाठी कायद्याने सांगितलेली नोटीस व भरपाई दिल्याशिवाय ती बेकायदेशीर आहे. म्हणजे ‘स्ट्रक ऑफ’ला उत्तर तयार होते. १९९४ च्या पावसाळ्यात, आम्ही कंदिलाजवळ बसून ते दीड पान खरडीत होतो तेव्हा, ते उत्तर बारा वर्षांचे जुने झाले होते. आम्हाला ते सापडले त्या कारकुनांमुळे, चार महिने उशिरा.

संपाची बाजू घेऊन आम्ही येथवर बोललो, पण एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. शीड उतरवले की जहाजाचा मालकच तेवढा अडकतो असे नाही. उतारूही समुद्रातच राहतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस्.टी. बंद होती तेव्हा आम्ही जिल्ह्यातल्या खेड्यांत हिंडत होतो. एस्.टी.चा वाहक किती पगारावर राबतो हे आम्हाला ठाऊक होते आणि त्याची मागणी आम्हाला पटत होती. पण आडगावची मुलगी सहा मैल चालून शाळेला जाताना आम्ही पाहत होतो. म्हाताऱ्या बायका दवाखान्यासाठी रिक्षाला दोनशे रुपये मोजत होत्या. त्यांतल्या एकीने आम्हाला विचारले, “ह्यांचा झगडा सरकारशी, मग चालायचा आमीच का?” आम्ही तीस वर्षे भाषणे केली आहेत, त्या बाईला देण्यासारखे उत्तर त्या क्षणी आमच्याजवळ नव्हते, आणि आजही धड नाही. एवढे केले की, त्या काळात गावोगावच्या सभांतून तिचा प्रश्न आम्ही संपकऱ्यांपुढे ठेवला. काहींना तो आवडला नाही.

१९८२ चा गिरणीसंप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झाले नाही. गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर मनोरे उभे राहिले, १९९७ साली सामंतांचा खून झाला. पण संप संपला असे कोणी जाहीर केले नाही. आमच्या वडिलांनी ही गोष्ट अक्षरशः घेतली होती.

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणना चालू होती. गावच्या शाळेतले तरुण गुरुजी तक्ता घेऊन आमच्या ओटीवर बसले. वडील झोपाळ्यावर होते. नाव, वय, शिक्षण झाले. गुरुजींनी विचारले, “आजोबा, कामधंदा काय?”

वडील म्हणाले, “गिरणीत. साच्यावर.”

गुरुजींनी पेन थांबवले. “आत्ता?”

“आत्ता संपावर हाय.”

गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. त्यांचा जन्म बहुधा त्या संपानंतरचा असावा. आम्ही काही बोललो नाही. वडिलांनी झोपाळ्याला पायाने जरा रेटा दिला. गुरुजींनी तक्त्यावर काहीतरी लिहिले आणि आईचे नाव विचारले.